चौथी ओळ

म्बाह तुकिनेमच्या, म्हणजे तुकिनेम आजीच्या, तोंडी लागू नये, हे आमच्या सेंदांगवुनी गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पासष्टीची बाई, डाव्या कानानं ठार बहिरी, कमरेला सदा विळा. शेतीखात्याचा साहेब एकदा तिच्या बागेत येऊन म्हणाला, "आजी, फुलं काढून टाका, टोमॅटो लावा." तिनं बसायचं स्टूल उचलून त्याच्या अंगावर भिरकावलं. साहेब मोटारसायकल तिथंच टाकून पळाला आणि संध्याकाळी शिपायाला पाठवून गाडी मागवून घेतली.

बाग होती ती थडग्यांवर टाकायच्या फुलांची. लाल गुलाब, पांढरा गुलाब, मोगरा, लोंबत्या पाकळ्यांची केनांगा. रोज्यांच्या आधीचा रुवाह महिना लागला की घरोघरची माणसं आपापली थडगी झाडायला, धुवायला, फुलं वाहायला निघतात, आणि पंचक्रोशीतल्या सगळ्या मेलेल्यांना तुकिनेमचीच फुलं लागत. तिला स्वतःला मात्र एक मूठ टाकायला थडगं नव्हतं. तिला सगळ्या जन्मात एवढंच हवं होतं. नवरा मेलाय हे ती केव्हाच कबूल करून बसली होती. कुठं पडलाय तेवढं कुणीतरी सांगावं.

नवरा म्हणजे सोंतोनो, चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणारा. गळा असा की भांडणारे शेजारी भांडण टाकून ऐकत बसायचे. शेतकऱ्यांच्या संघटनेच्या मेळाव्यात त्यानं दोनदा खेळ केला. मांडवाला तांबडं कापड होतं, आणि तेवढं पुरलं. एकोणीसशे पासष्ट सालच्या नोव्हेंबरात, तांबड्यांना घराघरांतून वेचून मारत होते त्या दिवसांत, एक दिवस दुपारी तो ओट्यावर बसून लवंगेची सिगारेट ओढत कडवं जुळवत होता. तीन ओळी झाल्या, चौथी अडली. चौथी आठ अक्षरांची लागते आणि शेवट 'आ'वर व्हावा लागतो, तो नियमच आहे. त्यानं तिला विचारलं, "एखादा शब्द सुचव की."

ती धुरानं वैतागली होती. म्हणाली, "चूल फुंकू की तुझ्या ओळीला 'आ' शोधत फिरू? ज्या तोंडानं गातोस त्याच तोंडानं जेवायचंही असतं, कळलं?"

नवराबायकोचं एवढंच शेवटचं बोलणं. दिवेलागणीला सात-आठ जण आले, तोंडाला काजळी फासलेली, हातात कोयते. आधी त्यांनी बाहुल्यांची पेटी फोडली. अर्जुन, भीम, कृष्ण, सगळे अंगणात ओतले आणि लाकडं फोडावीत तसे फोडले. सोंतोनो आडवा आला तर त्याच्या तोंडावर कोयत्याची मूठ बसली; दात उंबऱ्यावर पडला. तिनं एकाच्या मनगटाचा लचका तोडला तेव्हा दुसऱ्यानं तिच्या कानशिलावर दांडा घातला. शुद्धीवर आली तेव्हा चामडं जळल्याचा वास होता आणि घरात माणूस नव्हतं.

पुढची तीस वर्षं कशी काढली ते तिचं तिला माहीत. "त्या घरची" म्हणून विहिरीवर बायका बादली बाजूला घेत. लोकांच्या शेतात लावणी केली, धुणी धुतली, शिव्या खाल्ल्या आणि परत दिल्या. पंचावन्नाव्या वर्षी नदीकाठचा पडीक तुकडा साफ करून तिनं फुलं लावली, आणि बांधाला गवत आपोआप वाढलं. एक दिवस बसल्याबसल्या त्याच गवताची वेणी घातली, तिला मान दिली, हात दिले, आणि बघते तर समोर भीम उभा! गुराखी पोरं वळतात तसल्या गवताच्या बाहुल्या. पण हिच्या बोटांनी सोंतोनोच्या बाहुल्या संसारभर पुसल्या होत्या, तेल लावलं होतं. कुणाचं नाक टोकदार, कुणाची नजर खाली, हे बोटांना पाठ होतं. वर्षभरात शंभरएक बाहुल्या झाल्या. केळीचा बुंधा आडवा टाकायचा, त्यात काड्या खोचायच्या आणि दिवसाउजेडी अंगणात खेळ करायचा. ठोकायला साबणाचं खोकं आणि लाकडी मोगरी. लोक आधी हसले, मग चटया घेऊन येऊ लागले.

आणि कडवी. निरक्षर बाई लुराहच्या, म्हणजे आमच्या गावप्रमुखाच्या, धाकट्या सुनेकडून अक्षरं शिकली ती एवढ्याचसाठी. वही भरून चौथ्या ओळी लिहिल्या. 'नदीकाठी रित्या नावा'. खोडली. 'उसामधे मऊ वारा'. खोडली. आठ अक्षरं बसायची, 'आ' बसायचा, पण सोंतोनोच्या तीन ओळींखाली ती ओळ परक्या घरात आलेल्या पाहुण्यासारखी अवघडून बसायची. त्या तीन ओळी तिनं कुणाला म्हणून दाखवल्या नव्हत्या. पोटातच ठेवल्या होत्या.

खेळाला ढोलकं हवं. ते घेऊन आला दार्मुजी. सोंतोनोच्या ताफ्यात हाच पोऱ्या ढोलकं वाजवायचा. आता तोही म्हातारा झालेला, बायको मेलेली. एक दिवस आपण होऊन फाटकात उभा राहिला. "म्बाह, ढोलक्याशिवाय खेळ म्हणजे मिठाशिवाय सांबालची चटणी. मी वाजवू?"

"पैसे मिळणार नाहीत."

"मागतोय कोण?"

दहा वर्षं वाजवलं त्यानं. तिच्या पडवीत सोयाबीनचं तळलेलं टेंपे खाल्लं, तिच्या बागेला पाणी घातलं. त्या दिवसांत कुठं होतास, असं तिनं एकदा विचारलं होतं. "माहेरी. म्हणजे आईच्या माहेरी, डोंगरात," असं तो म्हणाला आणि वादी ताणत बसला. पटलं तिला. पटवून घेतलं म्हणा.

आता त्या रुवाहची गोष्ट. सकाळपासून फुलं विकून विकून तिचे हात तांबडे झाले होते. टोपलीत शेवटची मूठभर फुलं राहिली तर लुराहची बायको म्हणते कशी, "तीही देऊन टाक गं. तू कुठं टाकणार? नदीत?"

हसून म्हणाली ती. मनात वाईट नसेलही. पण तुकिनेमच्या डोळ्यांत रक्त उतरलं. टोपली कडेला ठेवली आणि दुपारच्या खेळासाठी बाहुल्या काढल्या त्या भीम, दुःशासन आणि द्रौपदी.

जमलेल्यांनी चटया मागं ओढल्या. कौरव-पांडवांच्या लढाईचा खेळ सेंदांगवुनीत करत नाहीत. युद्धाच्या आधीचं चालतं, लग्नं चालतात, वनवास चालतो. युद्ध खेळलं की गावात खरं रक्त सांडतं, असं आजे-पणजे सांगून गेलेत.

लुराह उठला. "म्बाह, हे नको. सुभद्रेचं लग्न लाव, छान लाव."

"तू तुझ्या पोरीचं लाव, बत्तीशीची झाली." हशा पिकला आणि लुराह चटईवर परत बसला. तिनं दार्मुजीकडं बघितलं. "तुला भीती वाटते?"

"मला कसली?" तो म्हणाला, पण ढोलक्याची वादी ताणताना दोनदा चुकला.

काय खेळ झाला! असा तिनं कधी केला नव्हता. भीमानं दुःशासनाला केसांना धरून फरफटवलं, मोगरी खोक्यावर अशी बसत होती की फळी तडकली. खांद्यापासून हात उपटला, खरोखर उपटला, गवत टराटरा फाटलं. दुसरा उपटला. छाती फाडली आणि त्यात भरलेल्या लाल गुलाबाच्या पाकळ्या पहिल्या रांगेतल्यांच्या मांडीवर पडल्या. पोरं किंचाळली. ती मात्र थांबेना. मेलेल्या बाहुलीला मारत राहिली, मारत राहिली. मग द्रौपदीला उचललं. इथं द्रौपदीनं केस धुवायचे आणि एक कडवं म्हणायचं. तुकिनेमनं तोंड उघडलं आणि चाळीस वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर आलं:

"माती मागे तिच्या लेकरांची यादी,
त्यात मला लिहा,
कुठे अंथरू पथारी..."

इथं ती थांबली. पुढं तिच्याकडं काही नव्हतंच. चौथ्या ओळीच्या जागी मोगरी ठोकायची असं तिनं ठरवलं होतं.

पण आमच्याकडं कडव्याची शेवटची ओळ म्हणणाऱ्यानं एकट्यानं संपवायची नसते. सोबत्यानं ती उचलायची असते. आईच्या मांडीवर लागते ती सवय. दार्मुजी डोळे मिटून रंगात वाजवत होता. तिचा आवाज तुटला तशी त्यानं मान वर केली आणि स्वच्छ सुरात ओळ उचलली:

"जुळ्या चिंचेखाली जागा."

आठ अक्षरं. शेवट 'आ'वर. आणि बसली अशी की जणू तिथंच उगवली होती.

तुकिनेमला आधी आनंदच झाला, खोटं कशाला सांगा. सापडली! मग तिनं दार्मुजीकडं बघितलं. या माणसाला चहा मागतानाही दोन शब्द धड जुळवता येत नव्हते, तो ओळ कुठून करणार? आणि जुळी चिंच? जुन्या वीटभट्टीमागं दोन चिंचा होत्या खऱ्या, पण एकीवर वीज पडून ती गेली त्याला पस्तीस वर्षं झाली. ओळ सोंतोनोनंच पुरी केली होती. नेलं त्यानंतर, वीटभट्टीमागं. आणि ती ऐकायला तिथं जो होता त्यालाच ती येणार.

दार्मुजीनं डोळे उघडले. आपण काय केलं ते त्याला तेव्हा कळलं. हात ढोलक्यावर तसेच राहिले.

तिनं बुंध्यावरून उडी टाकली. पासष्टीची बाई! डाव्या हातानं त्याचा कान धरला, उजव्या हातानं कमरेचा विळा उपसून त्याच्या मानेभोवती अडकवला.

"कुठून आणलीस?"

"काय, म्बाह?"

"ओळ, मुडद्या, ओळ! कुठून आणलीस?"

"तूच... तूच म्हणालीस ना कधीतरी..."

"मला येत नव्हती!" ती अशी ओरडली की झाडावरची पाखरं उडाली. "चाळीस वर्षं मला येत नव्हती!"

विळ्याखालून रक्ताचा धागा त्याच्या सदऱ्यात उतरला. कुणी पुढं होईना. तिनं त्याच्या उजव्या हाताची बाही वर ओढली. मनगटावर जुना, पांढरा पडलेला चावा. दहा वर्षं हा माणूस उन्हाळ्यातही लांब बाह्या घालायचा, आणि तिनं कधी विचारलं नव्हतं.

दार्मुजी रडायला लागला. "तुझ्या घरी यायच्या आधीच मला धरलं होतं त्यांनी. मला म्हणाले, तू त्याच्या ताफ्यातला, एक तर कोयता धर नाही तर त्याच्या शेजारी उभा राहा. भट्टीमागं सगळ्यांना रांगेत उभं केलं, आणि तो गात होता, म्बाह. हात बांधलेले, तोंडात रक्त, आणि गात होता. तीन ओळी म्हटल्या, मग इकडंतिकडं बघितलं, चिंचेकडं बघितलं आणि चौथी झाली त्याची. हसला. आणि मी... सवयीनं... मी ती त्याच्याबरोबर उचलली."

"आणि मग?"

"मग मारलं."

"कुणी?"

त्यानं बाही पुन्हा मनगटावर ओढून घेतली. बोलायला हवं होतं का? विळा तिनं टाकला. लोकांना वाटलं, सुटला. पण तिनं खोक्यावरची मोगरी उचलली आणि दोन्ही हातांनी त्याच्या टाळक्यात घातली. एकदा, दोनदा. "माझं टेंपे खाल्लंस! माझ्या मोगऱ्याला पाणी घातलंस!" तिसऱ्यांदा लुराहनं आणि शेजारच्या पोनिरानं तिला मागून कवटाळलं. दार्मुजी ढोलक्यावर आडवा झाला आणि गुलाबाच्या पाकळ्यांत खरं रक्त मिसळलं.

मेला नाही तो. डावं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली, कायमची. तुकिनेमला हे दुसऱ्या दिवशी कळलं तेव्हा तिनं स्वतःच्याच तोंडात मारून घेतली. जागा कळली होती, पण त्या जागेत कोण कुठं आहे हे सांगणारी एकच जीभ होती, आणि ती तिनंच घालवली.

खणायला सुरुवात केली बायकांनी. लुराह म्हणत राहिला, वरून परवानगी आणतो, थांबा. पोनिरा, जिचा नवराही गेला होता आणि भाऊही, ती म्हणाली, "नेताना आणली होती का परवानगी?" दुसऱ्या दिवशी तालुक्याकडून टेंपो भरून पोरं आली, कपाळाला पट्ट्या, घोषणा काय, शिव्या काय. देशद्रोह्यांची हाडं वर काढू देणार नाही म्हणे! दगड आले. पोनिराच्या भुवईवर एक बसला. बायका खड्ड्याभोवती विळे घेऊन उभ्या राहिल्या आणि तुकिनेम खड्ड्यातूनच ओरडली, "या की! या खाली! जागा अजून भरपूर आहे!" पोरं तासभर नाचली, दोन कुदळी मोडल्या आणि गेली.

तिसऱ्या दिवशी पहिलं डोकं लागलं. संध्याकाळपर्यंत एकोणीस. कवटीला मागून भोक, कुणाचा जबडा दुभंगलेला, मनगटांना तारेचे वेढे तसेच. सोंतोनोचा समोरचा दात पाडला होता म्हणून तिनं एकेक जबडा हातात घेऊन पाहिला. बाराजणांचे दात पाडलेले होते. तिनं शेवटचा जबडा खाली ठेवला आणि मातीतच बसली.

एकोणीस टोपल्या भरल्या, ओळीनं मांडल्या. मग तुकिनेमनं दार्मुजीच्या सुनेला निरोप धाडला: त्याला घेऊन ये, आणि ढोलकं आण.

सुनेनं त्याला हातगाडीवर घालून आणलं. तोंड एका बाजूला गेलेलं, लाळ गळतेय. उजवा हात तेवढा शाबूत. ढोलकं मांडीवर ठेवलं. तुकिनेम त्याच्या समोर उभी राहिली. "जीभ मी घेतली तुझी. हात ठेवलाय. मी एकेका टोपलीपाशी जाते. माझ्या माणसापाशी पोचले की वाजव. ऐकू येतंय ना?"

त्यानं पापण्या मिटल्या.

ती पहिल्या टोपलीपाशी गेली. धुम्.

टोपलीवर पडली, कवटी पोटाशी धरली आणि अशी हंबरली की हातगाडीचा दांडा धरलेली सूनही रडायला लागली. बायकांनी तिला पाणी पाजलं. पण पोनिराला राहवेना. ती दुसऱ्या टोपलीपाशी जाऊन उभी राहिली, उगाच, बघू तर. धुम्. तिसरीपाशी गेली. धुम्. चौथीपाशीही धुम्. म्हातारा रडत होता आणि प्रत्येक टोपलीला वाजवत होता.

"अगं त्याला नाही माहीत!" पोनिरा मटकन बसली. "मेल्याला काही माहीत नाही!"

सगळ्या बायका तुकिनेमकडं बघायला लागल्या. आता ही उठणार, आता ही त्याला संपवणार. ती उठलीही. हातगाडीपाशी गेली, हात उगारला. दार्मुजीनं मान पुढं केली. तिनं त्या मानेकडं पाहिलं, थुंकली आणि परत फिरली. पहिल्या टोपलीवर फुलांची मूठ टाकली.

"हा माझा," ती म्हणाली. "पहिला वाजला तो माझा. कुणी मधे बोलायचं नाही. तुम्ही तुमचे घ्या."

मग घेतलेच बायकांनी. कुणी उंची बघून, कुणी हनुवटी बघून, कुणी नुसतं डोळे मिटून. पोनिरानं शेजारशेजारच्या दोन घेतल्या. एका टोपलीवरून दोघी हमरीतुमरीवर आल्या, झिंज्या उपटल्या आणि शेवटी गळ्यात गळा घालून रडल्या. त्या रुवाहला सेंदांगवुनीच्या दफनभूमीत एकोणीस थडगी वाढली. तुकिनेमनं बाग पार कापून काढली. मोगऱ्याची कळीसुद्धा ठेवली नाही.

महिन्याभरानं शहरातून एक डॉक्टरीणबाई मोजमापाची पेटी घेऊन आल्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या, मऊ बोलायच्या. एकेक थडगं उघडून त्यांनी हाडं पाहिली, लिहून घेतलं, पुन्हा झाकली. तुकिनेमच्या वाट्याच्या थडग्यापाशी मात्र बराच वेळ बसल्या. मग चाचरत म्हणाल्या, "म्बाह, रागावू नका. कमरेचं हाड बघितलं मी. हे बाईमाणूस आहे. वीस-बावीसची असेल."

आसपासच्या बायका चार पावलं मागं सरकल्या. तुकिनेमच्या हातात विळा होता. त्याच्या टोकानं तिनं उघड्या मातीतलं एक सुकलं फूल बाजूला केलं.

"हिला विचारत कुणी आलं होतं?"

"नाही, म्बाह. हिचं कुणी आलेलं नाही."

"मग झाका," तुकिनेम म्हणाली. "झाका लवकर, ऊन लागतंय तिला. राहू दे माझ्याकडं." विळा कमरेला खोचून ती शेजारच्या अठरा थडग्यांकडं वळली. सगळ्यांवर ताजी फुलं होती. "माझ्याला यांतल्याच कुणीतरी नेलंय. बायका चांगल्या आहेत. नीट बघतील त्याला."